बचावपटूचे मोल गोलांवरून ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी ऑलिम्पिक आले की आपल्या क्रीडा पानावर आइस हॉकीला चार-सहा ओळी मिळतात. भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून या खेळाबद्दल विचारणारे वाचकही वाढले आहेत. पण बातमीत नावे येतात ती गोल करणाऱ्यांची, फार तर गोलरक्षकाची. बचावपटूचा उल्लेख होतो तो त्याने कुणाला मैदानाच्या कडेच्या फळीवर आदळले किंवा चुकून एखादा गोल केला तरच. या जागेचे काम त्यातून अजिबात कळत नाही. ते समजून घ्यायचे तर स्वीडनच्या निकलास लिडस्ट्रॉमची कारकीर्द पाहावी, म्हणून हे पत्र.

उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग एनएचएलमधले संघ नवे खेळाडू ज्यात निवडतात त्या १९८९ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइट रेड विंग्ज या अमेरिकी संघाने त्याला तिसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर उचलले. तो आणखी दोन वर्षे स्वीडनमधल्या वेस्टेरोस संघाकडूनच खेळला आणि १९९१ मध्ये अमेरिकेत गेला. तिथून २०१२ पर्यंत २० हंगाम, १,५६४ सामने, सगळे एकाच संघाकडून. चार स्टॅनले कप, म्हणजे लीगची चार विजेतेपदे. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक सात वेळा. यातला पहिला नॉरिस त्याला मिळाला तो वयाच्या ३१ व्या वर्षी, त्याआधी सलग तीन वर्षे दुसरा राहिल्यानंतर. आणि सातवा ४१ व्या वर्षी. आक्रमक खेळाडू विशी-पंचविशीत बहरतो. बचावपटू उशिरा पिकतो, कारण त्याचे निम्मे काम म्हणजे पुढच्या दोन सेकंदांत पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती) कुठे जाणार हे ओळखणे, आणि ती नजर शेकडो सामने खेळल्याशिवाय येत नाही.

स्टॅनले कपची १९९७ ची अंतिम मालिका याचा उत्तम नमुना आहे. समोर फिलाडेल्फियाचा संघ, आणि त्यांचा आक्रमक एरिक लिंड्रोस: सहा फूट चार इंच उंच, शंभर किलोंच्या वर वजन, वाटेत येईल त्याला उडवून लावणारा. सगळ्यांची अपेक्षा होती की डेट्रॉइटचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन त्याच्यावर व्लादिमीर कॉन्स्टँटिनॉव्हसारखा धडका देणारा बचावपटू सोडतील. बोमननी लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी ही जोडी लावली. दोघेही धडकेसाठी ओळखले जाणारे नव्हते. डेट्रॉइटने मालिका ४-० अशी जिंकली. लिंड्रोसचा एकमेव गोल आला तो चौथ्या सामन्यात, शेवटची काही सेकंदे उरली असताना.

हे कसे झाले? आक्रमक पक घेऊन मधल्या भागातून येतो तेव्हा बचावपटू उलटा, मागे मागे सरकत असतो. दोघांमधले अंतर मध्यरेषेपाशी दोन काठ्यांएवढे आणि आपल्या बचावक्षेत्राच्या तोंडावरच्या निळ्या रेषेपाशी येईपर्यंत एका काठीएवढे व्हायला हवे. ते जास्त राहिले तर आक्रमक वेग न मोडता आत शिरतो आणि बचावपटूचाच आडोसा करून फटका मारतो; गोलरक्षकाला पक दिसतच नाही. फार कमी राहिले तर एका हुलकावणीत बचावपटू मागे पडतो, आणि वळून वेग धरेपर्यंत खेळ संपलेला असतो. काठी वरच्या एकाच हातात, पाते बर्फावर टेकलेले, कोपर वाकवून अंगाजवळ. हात आधीच ताणून ठेवला की समोरच्याला आपली पोहोच कळते. वाकवलेल्या कोपरात दीड-दोन फूट शिल्लक राहतात आणि तेवढ्यात पक काढून घेता येतो. नजर समोरच्याच्या छातीवर ठेवायची. पक डावी-उजवीकडे फसवतो, छाती फसवत नाही. आपण गोलाच्या बाजूने, आतल्या अंगाला राहून बाहेरची वाट मोकळी दाखवायची. कबड्डीत चढाईपटूला कोपऱ्यात कोंडतात, तसे इथे फळीकडे कोंडायचे. तिथून मारलेल्या फटक्याचा कोन इतका अरुंद असतो की गोलरक्षक तो सहज अडवतो.

लिंड्रोसला आदळायला माणूसच सापडला नाही, फक्त काठीचे पाते सापडत राहिले. धडक मारणे हा जुगार असतो: साधली तर टाळ्या, चुकली तर मागे एका बचावपटूवर दोन आक्रमक. लिडस्ट्रॉमची उंची १८५ सेंटिमीटर, वजन ८६ किलोंच्या आसपास. हा जुगार त्याने क्वचितच खेळला.

शिक्षेचा हिशेबही इथेच येतो. कारकिर्दीत त्याला एकूण ५१४ मिनिटांच्या शिक्षा झाल्या. सगळ्या दोन-दोन मिनिटांच्या धरल्या तरी साधारण सहा सामन्यांत एक. बचावपटू काठी अडकवतो किंवा हाताने धरतो ते बहुतेक वेळा पाय उशिरा हलल्यामुळे. मग दोन मिनिटे संघाला चार जणांनी पाचांविरुद्ध खेळावे लागते.

दुसरे न दिसणारे काम म्हणजे आपल्या कोपऱ्यात टाकलेला पक परत बाहेर काढणे. पकाकडे जाताना बचावपटूने निदान दोनदा खांद्यावरून मागे पाहायला हवे: पाठलाग करणारा कोणत्या बाजूने येतोय आणि आपला जोडीदार कुठे आहे. न पाहता गेला तर पक काठीवर येतो त्याच क्षणी तो फळीवर चेंगरला जातो. या खेळातल्या गंभीर दुखापती अशाच होतात. पाहिलेले असले की पहिला पास एका सेकंदात सुटतो. सरळ वाट नसेल तर लिडस्ट्रॉम फळीवर पक आपटून तो साथीदाराच्या काठीवर आणायचा. हे दिसते सोपे. पण कोन आणि जोर दोन्ही नेमके लागतात, नाहीतर पक प्रतिस्पर्ध्याला आयता मिळतो. घाबरून तो आपल्या अर्ध्यातून सरळ पलीकडच्या टोकाला भिरकावला तर आइसिंग नावाचा नियमभंग होतो, आणि एनएचएलच्या २००५-०६ पासूनच्या नियमानुसार आइसिंग करणाऱ्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेले पाच तसेच अडकतात. दुसऱ्या वीस मिनिटांत तर बाजू बदलल्यामुळे बदली खेळाडूंचा आपला बाक आपल्या गोलापासून लांब पडतो, तेव्हा ही चूक सर्वांत महाग पडते.

दमण्याचे गणितही समजून घ्यावे. संघात सहसा सहा बचावपटू, तीन जोड्या. ६० मिनिटांचे समान वाटप केले तर प्रत्येकाला २० मिनिटे. शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, ४५ सेकंदांच्या आसपास. लिडस्ट्रॉम ऐन भरात सामन्यामागे २५ मिनिटांहून जास्त खेळायचा. हे केवळ दमसासाचे काम नव्हे. चुकीच्या जागी असलेला खेळाडू धावत सुटतो. योग्य जागी असलेला दोन ढांगांत पोहोचतो आणि पाय राखून ठेवतो.

त्याने २६४ गोलही केले, पण प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेवरून येणाऱ्या त्याच्या फटक्याची खरी किंमत वेगळीच होती. तो पक खाली, नडगीच्या उंचीवर ठेवायचा, म्हणजे गोलासमोर उभा असलेला त्याचा साथीदार टॉमस होल्मस्ट्रॉम काठीने त्याची दिशा बदलू शके. जोरात पण उंच फटका मारला तर वाटेवर काठी लावता येत नाही, आणि साथीदारालाच इजा होते. समोरच्या बचावपटूच्या पायावर आदळून पक मागे उसळला तर थेट प्रतिहल्ला. म्हणून जोर कमी चालेल, वाट मोकळी हवी. २००६ च्या ट्यूरिन ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात फिनलंडविरुद्ध तिसरी वीस मिनिटे सुरू होऊन दहाच सेकंद झाले होते तेव्हा त्याने मारलेल्या फटक्यावर स्वीडनने ३-२ असे सुवर्ण जिंकले. त्याचा हा एक गोल सर्वांना आठवतो. पण त्याआधीची त्याची उलटी धाव कुणी छापली नव्हती.

प्लस-मायनसच्या आकड्यावरही, म्हणजे खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेले गोल वजा खाल्लेले गोल, यावरही विसंबू नये. लिडस्ट्रॉमचा तो अधिक ४५० आहे, पण बलाढ्य संघात असलेल्या कुणाचाही हा आकडा फुगतो.

आपल्या क्रीडा विभागाला एवढीच विनंती, की पुढच्या वेळी आइस हॉकीचा निकाल छापताना दोन्ही संघांच्या पहिल्या जोडीतील बचावपटूंची नावे द्यावीत, ते किती मिनिटे बर्फावर होते ते द्यावे, आणि समोरचा मुख्य आक्रमक त्यांच्यासमोर असताना गोलावर किती फटके मारू शकला हेही शक्य असल्यास द्यावे. पहिली दोन माहिती सामन्याच्या अधिकृत तक्त्यात असते. तिसरीसाठी सामना पाहावा लागेल.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक