स्वयंरोजगाराचा आकडा फोडून छापा

संपादक महोदय,

महाराष्ट्रात स्वयंरोजगाराचं प्रमाण देशापेक्षा कमी, म्हणजे मराठी माणूस धंद्यात मागे, असा सूर अधूनमधून लागतो. कोण काय काम करतं हे नोंदवणाऱ्या सरकारी श्रमबल पाहणीचे तक्ते भरत मी दारोदार फिरलो आहे, म्हणून लिहितो.

२०१७-१८ मध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी ५२.२ टक्के स्वयंरोजगारात होते. २०२३-२४ मध्ये ५८.४. ऐकायला छान. पण यात घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी राबणारेही धरलेले असतात. ते १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे वाढ जवळजवळ सगळी बिनपगारींची!

तक्त्यात त्यांचा कोड २१. बाई दारात येऊन सांगायची, ‘मी कुठं काय करते, घरीच असते.’ मागे गोठ्यात दोन म्हशी, शेणपाणी आणि धार हिच्याकडे, डेअरीचे पैसे नवऱ्याच्या खात्यावर. खोदून विचारलं की २१ पडायचा. तिचं काम मोजलं जातं हे योग्यच. अहवाल वाचणाऱ्यानं तिला उद्योजक समजू नये, एवढंच. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या बायकांत स्वयंरोजगाराचं प्रमाण ६७.४ टक्के होतं, ते असं.

राज्याराज्यांतली तुलनाही जपून करावी. उत्तर प्रदेश, राजस्थान देशाच्या सरासरीच्या वर आहेत. केरळ, तमिळनाडू, गोवा खाली. मग तमिळनाडूतल्या तिरुपूर, कोइमतूरसारख्या कारखानदारीच्या शहरांतल्या माणसाला धंदा कळत नाही म्हणायचं? पन्नास माणसं पगारावर ठेवणारा कारखानदार या हिशेबात स्वयंरोजगारात एकटाच धरला जातो, बाकी पन्नास पगारदारांत. त्याचा धंदा जितका वाढेल तितकी राज्याची टक्केवारी उतरणार.

आपला आकडा खाली असण्याला मुंबई-पुण्याकडच्या नोकऱ्या हे एक कारण. दुसरं कमी सुखाचं: विदर्भ-मराठवाड्यात दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारे पुष्कळ आहेत. तेही स्वयंरोजगारात येत नाहीत. यांतलं कुठलंच कारण कुणाच्या धाडसाबद्दल काही सांगत नाही.

पुढच्या वेळी राज्य आणि देश शेजारी मांडताना तीन रकाने वेगळे द्यावेत: एकट्यानं काम करणारे, माणसं ठेवून धंदा करणारे आणि घरचे बिनपगारी. पाहणीत ते वेगळेच नोंदवलेले असतात.

आपला,
एक निवृत्त क्षेत्र अन्वेषक