चिनूला, पहाटेच्या पाण्याबद्दल

चिनू बाळा,

काल फोनवर मी नुसती हं हं करत होते कारण बाबा बाजूला मॅच बघत होते अन् मला रडू यायला लागलं होतं, म्हणून आज सकाळी सगळी कामं बाजूला सारून हे टाइप करत बसले आहे. लांब होईल. दुपारी डबा खाताना वाच.

सात महिन्यांची रीडिंग्ज गेली म्हणालास. डीओ मीटर कॅलिब्रेट केलेलाच नव्हता, पाण्यातल्या ऑक्सिजनचे सगळे आकडे चुकीचे, आता गाइडना काय तोंड दाखवू, अन् मग म्हणालास की आई मी बँकेची परीक्षा देतो. द्यायची तर दे, त्यात वाईट काही नाही. पण त्याआधी माझी एक गोष्ट ऐक, जी मी तुला सोड, तुझ्या बाबांनाही कधी पुरती सांगितली नाही.

मी २६ वर्षांची होते, पहिलाच प्रोजेक्ट. भंडाऱ्याकडचा एक मामा तलाव मिळाला होता. तू लहान असताना विचारायचास ना, कोणाच्या मामाचा तलाव म्हणून, तर माजी मालगुजारी म्हणून मामा. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हे तलाव, हजारोंनी आहेत आपल्याकडे, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आंजन नाहीतर मोहाची झाडं, खाली धानाच्या बांध्या, अन् मासेमारी ढिवरांकडे. मी नागपूरहून सकाळची एसटी पकडायची, पुढे मिळेल ते वाहन, पोचायला ११ वाजायचे. पाणी घ्यायचं, ऑक्सिजन काढायचा, मासे मोजायचे अन् ४ ची गाडी धरून परत. असं दोन वर्षं, दर आठवड्याला. आकडे इतके छान यायचे बाळा, लिटरला ११ मिलिग्रॅम, कधी १२, माशाला ५ मिळाला तरी तो सुखात राहतो. मी रिपोर्टात लिहून टाकलं की तलाव माशांसाठी उत्तम आहे.

अन् तिकडे ढिवरांच्या बायका मला सांगायच्या की सकाळी मासे मरून काठाला लागतात. मी ते ऐकायचे अन् वहीत लिहायचेसुद्धा नाही. माझ्याजवळ आकडे होते ना.

मग एकदा तिथले एक म्हातारे बाबा, जाळं विणत बसलेले, मान वर न करता म्हणाले, "बाई, तुमी येता तवा मासा खालीच राह्यते. पहाटं या, मंग दिसन." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, अन् त्यामुळेच ते मला जास्त लागलं.

रात्रीचं एकटं जायला घरून नाही म्हणणारच होते. तुझे आजोबा म्हणाले मी येतो. मे महिना होता, तरी ते घोंगडी घेऊन आले, पाळीवर अंथरली, अन् रात्रभर टॉर्च धरून बसले, मी बाटल्या भरत होते. तेव्हा मीटरबिटर नव्हते आमच्याकडे, विंकलरची पद्धत, १८८८ ची, अजूनही तितकीच पक्की. काचेच्या बाटलीत बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं, त्यात मँगनीज सल्फेट अन् अल्कली आयोडाइड घालायचं, ऑक्सिजन असला तर तपकिरी साका बसतो, जितका जास्त तितका गडद. रात्री १० ला तपकिरी आला. १ वाजता फिका, चहात दूध जास्त झाल्यासारखा. पहाटे ४ ला मी बाटली उलटीपालटी केली अन् आत साका पांढराशुभ्र. ताकासारखा. पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाहीच. मी आजोबांना म्हटलं टॉर्च जवळ आणा, जवळ आणा, अन् ते टॉर्च पाण्याकडे फिरवून म्हणाले, हे बघ. रोहू, कतला, सगळे वर येऊन तोंडं वासत होते. शेकडो. पाण्यावर एक बारीक आवाज चालला होता, चप चप चप. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मरळ अन् मागूर मात्र निवांत, कारण त्यांना वरची हवा घेता येते, अन् म्हणूनच त्या गावच्या बाजारात दिवसेंदिवस तेच जास्त दिसायला लागले होते. तेही मी दोन वर्षं बघत होते अन् मला कळलं नव्हतं.

कारण तुला माहीत आहे, तरी लिहिते. धानाच्या बांध्यांतलं खत पाण्यात उतरलं की फॉस्फरस वाढतो, फॉस्फरसने शेवाळ. कॅनडात शिंडलर म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७३ मध्ये एका तलावाच्या मधोमध पडदा लावला अन् एका बाजूला कार्बन, नायट्रोजन घातला, दुसरीकडे तेच अधिक फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. विमानातून काढलेला तो फोटो आम्हाला कॉलेजात दाखवला होता, मला तोंडपाठ होता. पण शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं अन् रात्री स्वतःच तो वापरतं, म्हणजे तलाव जितका हिरवा तितका तो दुपारी निरोगी दिसणार अन् पहाटे गुदमरणार, हे मी पुस्तकात वाचलेलं असून माझ्या तलावाशी जोडलं नाही. एसटीने ११ ला पोचायची सोय होती म्हणून तलाव ११ वाजताच मोजला.

आता जे सांगायचंय ते हे. वरिष्ठ म्हणाले रिपोर्ट छापायला गेलाय, राहू दे आता. अन् मी १५ दिवस गप्प बसले. त्या १५ दिवसांत आभाळ आलं, दिवसा ऊन नाही, अन् एका सकाळी तलावातला बराचसा मासा मेला. ढिवरांनी सोसायटीचं कर्ज काढून बीज सोडलं होतं. माझ्या रिपोर्टाने मासे मेले असं नाही, पण पाच दिवस आधी मी त्यांना जाऊन एवढंच सांगितलं असतं की आभाळ आलं तर जाळं टाकून मोठा मासा काढून घ्या, तर त्यांचा बराच पैसा वाचला असता. मग मी एक पान लिहिलं, माझं रीडिंग दुपारचं आहे अन् पहाटेचं असं आहे. ते रिपोर्टाच्या शेवटी जोडलं गेलं. दोन वर्षांची चूक मला तितकी टोचत नाही, ते १५ दिवस टोचतात.

म्हणून सोमवारी सकाळी गाइडना सांग. मंगळवारी नको. वहीतलं पान फाडू नको, आकड्यांवर एकच सरळ रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख अन् कारण लिही. अन् सगळं गेलं म्हणतोस ते खरं नाही. तापमान तू पाऱ्याच्या थर्मामीटरने घेतलंस, मासे हाताने मोजलेस, जात ओळखलीस, चिलापी किती अन् आपले देशी किती हे लिहिलंस, ते सगळं उभं आहे.

चुकण्याचीच भीती असेल तर आपल्या सातपुड्याचं बघ. माशांचे अभ्यासक सुंदरलाल होरांनी मांडलं की हिमालयाकडचे ओढ्यांतले मासे सातपुड्याच्या डोंगरांवरून सह्याद्रीत पोचले. पुढे बऱ्याच जणांनी ते खोडलं. पण खोडायला म्हणून कितीतरी लोक त्या ओढ्यांत उतरले अन् मासे बघितले, अन् होरांचं नाव आजही कोणी हलकं घेत नाही.

अन् काम संपलंय का रे? आपली नाग नदी बघ, अख्ख्या शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला, तिथनं वैनगंगेला, अन् मग गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात, जिथे ढिवर जाळं टाकतो. माझ्या मोरीतलं साबणाचं पाणी त्याच्या जाळ्यापर्यंत जातं. वर ही गरमी. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात, अन् पाणी तापलं की माशाला उलट जास्त लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पहाटे ४ ला या पाण्यात काय होतं हे बघायला कोणीतरी पाळीवर बसलेलं पाहिजे, अन् मला वाटतं तुला ते जमतं. लहानपणी तासभर फुटाळा तलावाच्या काठावर तू हलायचा नाहीस, आठवतं?

शुक्रवारचं तिकीट काढलंय, शनिवारी सकाळी पुण्यात पोचते. माळ्यावरून माझ्या जुन्या बाटल्या काढल्या, आठांपैकी सहा धड आहेत, साड्यांत गुंडाळून आणते. केमिकल तुझ्या लॅबमधून घे, स्टार्च मात्र त्याच दिवशी ताजा उकळ, शिळा निळा रंग नीट देत नाही. रात्री १०, १ अन् ४, तिन्ही वेळा घेऊ, तुझा मीटर दुरुस्त होऊन आला असेल तर तोही सोबत लावू. घोंगडी मी आणते, आजोबांचीच आहे. तू फक्त टॉर्चचे सेल बघून ठेव.

तुझी,
आई