सर, आईच्या त्या सहीसाठी

आदरणीय सर,

हे पत्र तुम्ही असताना लिहायला हवं होतं. दर रविवारी वाटायचं, आज वर्ग संपला की बोलू. पण समोर आलात की तुम्हीच आधी विचारायचात, "या आठवड्यात कोणाला काय समजावलंस?" त्याचं उत्तर देता देता माझं राहूनच जायचं.

भावाला पोलिसांनी उचललं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. चोरीची तक्रार होती. तुमच्यापर्यंत पोचण्याआधी आम्ही कुठे कुठे हात जोडून आलो, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. वकील पैसे घेऊन गेले आणि नंतर फोनच उचलेनात. ज्यांच्या प्रचारात आमची अख्खी गल्ली राबली, ते "बघतो" म्हणाले, आणि बघितलं नाही ते नाहीच. "एकोणीस-वीसचा दिसतोय," एवढं बोलून ठाण्यातल्या साहेबांनी पोराला कोठडीत बसवलं. आईने कोणालाच दोष दिला नाही. मी देते, आजही देते.

तुम्ही आलात आणि आवाज न चढवता पहिलं विचारलंत, "शाळेचा दाखला कुठंय?" २०१५ च्या बाल न्याय कायद्यातलं कलम ९४ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. वयाबद्दल शंका असेल तर आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच डॉक्टरी तपासणी. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवताच येत नाही, हेही तेव्हाच कळलं. दाखला घरात पत्र्याच्या पेटीत होता. दोन दिवसांत एकानेही तो मागितला नव्हता.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. भाऊ घरी आला, यथावकाश प्रकरणही मिटलं. मला सांगायचंय ते मोफत वकिलाच्या अर्जाबद्दल.

आई घाबरली होती. पुन्हा पैसे कुठून आणायचे, हेच तिच्या डोक्यात. तुम्ही तिला सांगितलंत, "१९८७ चा कायदा आहे. बाईला आणि लहान मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, मिळकत कितीही असो. तुम्ही काही मागायला आलेला नाही आहात." मग अख्खा अर्ज ओळीओळीने वाचून दाखवलात. तेवढ्यात टेबलापलीकडून शाईचं पॅड पुढे आलं. आईने सवयीने अंगठा पुढे केला. तुम्ही ते पॅड हळूच बाजूला सारलंत.

"आई, नाव लिहिता येतं?"

"येतं, पण लई वेळ लागतो."

"लागू दे की."

खिशातलं पेन काढून, टोपण उघडून तिच्या हातात दिलंत. वर पंखा गरगरत होता आणि कागद फडफडत होता, म्हणून त्याचा कोपरा दोन बोटांनी दाबून धरलात. पहिलं अक्षर रेघेच्या वर गेलं. दुसऱ्यापाशी ती थांबली, पुन्हा गिरवलं. मागच्या रांगेत कोणीतरी चुकचुकलं. तुम्ही मान वळवली नाहीत, घड्याळ पाहिलं नाहीत. तिचं नाव पुरं होईपर्यंत तुमची बोटं तिथून हलली नाहीत.

सर, मदत करणारे पुढेही भेटले, त्यांचेही उपकार आहेत. पण समोरच्याला कमीपणा येऊ न देता मदत करणारं माणूस मी तुमच्यानंतर क्वचितच पाहिलं.

त्यानंतर मी रविवारच्या वर्गाला येऊ लागले. फळ्याच्या कोपऱ्यात १५१०० हा विधी सेवेचा, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीचा, नंबर कायम असायचा, तो पुसू द्यायचा नाहीत. अटक झाली तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते. हे आम्हाला नुसतं पाठ म्हटलेलं तुम्हाला चालायचं नाही. "घरी जाऊन आजीला सांग, तिला कळलं तर तुला कळलं," म्हणायचात. पोरं हसायची, पण घरी जाऊन सांगायची. माझा भाऊही सांगायचा. आता धाकट्यांना संविधानातलं कलम २२, म्हणजे अटक झालेल्याचे हक्क, तोच शिकवतो. शिकवताना कोठडीबद्दल बोलायची वेळ आली की क्षणभर थांबतो, आणि मग बोलतो.

परवा शोकसभेत दाराशी वही ठेवली होती. आईच्या पुढे बरीच माणसं भराभर नावं लिहून गेली. तिची पाळी आली तेव्हा तिने पेन मागितलं. मागे रांग खोळंबली. मी वहीचा कोपरा धरून उभी राहिले.

तुमची,
रविवारच्या वर्गातली एक