बेप्पूचे गरम झरे आणि आपली कुंडे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

जपानच्या सहलींच्या जाहिराती हल्ली कोल्हापुरातही ठळकपणे दिसू लागल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक सहली तोक्यो, फुजी, क्योतो आणि हिरोशिमा एवढ्यावर आटोपतात. समुद्रकाठचे गरम पाण्याचे एखादे गाव त्यांत क्वचितच असते, आणि असले तरी चारचौघांत कपडे उतरवून आंघोळ करायची म्हटल्यावर आपली बरीच मंडळी काढता पाय घेतात. क्यूशू बेटावरील बेप्पू या गावी नुकताच राहून आलो, आणि जपानमधली सर्वांत उपयोगी गोष्ट आपण अशी टाळू नये असे मनापासून वाटले, म्हणून हे पत्र. गरम झरे आपल्याकडेही आहेत. कोल्हापूरहून आंबा किंवा अणुस्कुरा घाट उतरला की ते भेटतात. ते दहाजणांनी मिळून कसे वापरावेत, ही रीत मात्र बेप्पूकडून घेण्यासारखी आहे.

बेप्पू हे ओइता प्रांतातले बंदर. समोर उपसागर आणि पाठीशी सुमारे १,३७५ मीटर उंचीचा त्सुरुमी हा ज्वालामुखी पर्वत. त्या पर्वतावर मुरलेले पावसाचे पाणी खोल जाऊन तापते आणि गावभर वर येते. झऱ्यांची मुखेच दोन हजारांहून अधिक आहेत. कान्नावा भागातल्या अरुंद गल्ल्यांतून चालताना गटारांच्या जाळ्यांतून, भिंतींच्या कडेने उभ्या केलेल्या नळकांड्यांतून पांढरी वाफ सतत निघत असते. याच वाफेवर लोक अंडी, रताळी, कणसे आणि मासळी शिजवतात. परक्या पाहुण्यालाही भाड्याने वाफेची चूल मिळते, त्यामुळे शाकाहारी माणसाची जपानमध्ये होणारी जेवणाची आबाळ इथे तरी होत नाही. ‘जिगोकु’, म्हणजे नरक, या नावाने ओळखली जाणारी निळी आणि तांबडी उकळती तळी केवळ पाहण्यासाठी आहेत. त्यांतल्या निळ्या तळ्याचे पाणी ९८ अंशांच्या आसपास असते. ओसाकाहून बेप्पूला प्रवासी बोटीची नियमित सेवा १९१२ साली सुरू झाली. आजही रात्री ओसाकाला बोटीत बसलेला प्रवासी सकाळी इथे उतरतो, आणि माझ्या मते या गावी येण्याचा तोच सर्वांत चांगला मार्ग आहे.

ताकेगावारा हे तिथले जुने सार्वजनिक स्नानगृह १८७९ साली सुरू झाले, आणि त्याची आजची भव्य लाकडी इमारत १९३८ ची आहे. तिथे वाळूस्नान मिळते. सुती झगा घालून झऱ्याच्या पाण्याने तापवलेल्या काळपट, ओलसर वाळूत आडवे व्हायचे आणि तिथल्या सेविका फावड्याने मानेपर्यंत वाळू लोटतात. पहिल्या क्षणी जाणवतो तो उष्णतेपेक्षा वाळूचा भार. मग हळूहळू पायाच्या बोटांपर्यंत नाडीचे ठोके ऐकू येऊ लागतात आणि कपाळावर घाम डवरतो. तालमीत मेहनतीनंतर मल्लाने तांबड्या मातीत अंग टाकावे, तसेच काहीसे हे सुख आहे. फरक इतकाच की आपली माती अंग निववते आणि ही वाळू ते शेकून काढते. दहा-पंधरा मिनिटांत उठवतात, आणि ते योग्यच आहे. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

परंतु मला खरे सांगायचे आहे ते साध्या सामायिक हौदाविषयी. स्त्रिया आणि पुरुष यांचे हौद वेगळे असतात. आत गेल्यावर कोणीही थेट पाण्यात उतरत नाही. जिथे साबणाची जागा आहे तिथे लहान बैठकीवर बसून, बादलीने पाणी घेऊन अंग स्वच्छ धुतले जाते. जुन्या लहान स्नानगृहांत निदान हौदातलेच पाणी तांब्या-तांब्याने अंगावर घेऊन मगच पाय आत टाकला जातो. साबणाचा एक बुडबुडादेखील हौदात जाता कामा नये, पंचा पाण्याला लागता कामा नये, लांब केस बांधलेले हवेत. माझ्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आंघोळ झाल्यावर आपली बैठक आणि बादली धुतली, बादली पालथी करून जागच्या जागी ठेवली आणि बसल्या जागेवरचा फेस पाणी ओतून मोरीकडे लोटला. त्यांच्यावर देखरेख करायला तिथे कोणी नव्हते. पाण्यात कपडे चालत नाहीत त्याचे मुख्य कारण हेच, की कपड्यांबरोबर मळ आणि साबण पाण्यात येतो. एकदा हे ध्यानात आले की संकोच पहिल्या पाच मिनिटांत मावळतो. तरीही ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी कुटुंबापुरते भाड्याने मिळणारे स्वतंत्र हौद आहेत.

इथे एक सूचना आवर्जून करतो. जपानमधल्या अनेक स्नानगृहांत अंगावर गोंदलेले चालत नाही. आपल्याकडच्या वयस्कर स्त्रियांच्या हातावर, कपाळावर गोंदण असते. त्यांना घेऊन जाणाऱ्यांनी आणि सहल कंपन्यांनी आधीच चौकशी करून ठेवावी, म्हणजे दारातून परत फिरण्याची वेळ येणार नाही.

ही शिस्त केवळ संस्कारांवर उभी आहे असे मानणे बरोबर होणार नाही. जपानने १९४८ साली गरम झऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार गरम झरा म्हणवून घ्यायला झऱ्याच्या मुखाशी पाणी किमान २५ अंश असले पाहिजे किंवा त्यात कायद्याने नेमून दिलेल्या द्रव्यांपैकी एखादे पुरेशा प्रमाणात असले पाहिजे. पाण्याच्या तपासणीचा तपशील स्नानगृहात लावणे बंधनकारक आहे आणि ही तपासणी दर दहा वर्षांनी पुन्हा करावी लागते. शिवाय येणाऱ्यांकडून स्नानकर घेतला जातो. त्याचा प्रमाण दर माणशी दिवसाला १५० येन आहे, आणि ती रक्कम झऱ्यांचे रक्षण, स्वच्छतेच्या सोयी, अग्निशमन आणि पर्यटन याच कामांसाठी राखलेली असते. बेप्पूत तर गल्लीगल्लीत रहिवाशांनी मिळून चालवलेली छोटी स्नानगृहे आहेत. त्यांतल्या अनेकांच्या माडीवर वस्तीचे सभागृह असते. पर्यटकांसाठी बांधलेले गाव आणि रहिवाशांचे गाव तिथे वेगळे पडलेले नाही, आणि मला वाटते गावाच्या स्वच्छतेचे मर्म यातच आहे.

आता आपल्याकडे पाहू. संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ आणि राजवाडी, राजापूरजवळचे उन्हाळे, दापोली तालुक्यातले उन्हवरे, आणि थेट उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरीपर्यंत गरम झऱ्यांची एक लांब रांग सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधून गेलेली आहे. कोकणात जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून फार खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि भेगांवाटेच वर येते. म्हणजे ही संपत्ती आपल्याला कोणत्याही पर्वताच्या कोपाशिवाय मिळाली आहे.

तिची अवस्था काय? यांपैकी एका कुंडावर मी गेलो होतो तेव्हा काठावर शाम्पूच्या रिकाम्या पुड्या पडल्या होत्या, एक कुटुंब कुंडातच साबण लावत होते आणि पलीकडे कोणी कपडे पिळत होते. पाण्यावर फेसाची साय धरली होती. पाण्याचे तापमान किती, त्यात काय आहे, कोणी उतरू नये, हे सांगणारा साधा फलकही नव्हता. दोष त्या कुटुंबाला देता येणार नाही, कारण साबण लावायला दुसरी जागाच तिथे नव्हती. श्रद्धेने येणारे, त्वचेच्या तक्रारीवर गुण येईल म्हणून येणारे आणि सहज महामार्गावरून वळणारे, सगळे त्याच पाण्यात उतरतात. पंचगंगेचे काय झाले हे डोळ्यांदेखत पाहिलेल्या कोल्हापूरकराला पाण्याच्या बाबतीत आणखी एकदा गप्प बसणे परवडणारे नाही.

यासाठी मोठे प्रकल्प लागत नाहीत. कुंडाचेच पाणी नळाने बाजूला घेऊन तिथे न्हाणीची जागा करावी, तिचे सांडपाणी कुंडात किंवा नदीत न सोडता शोषखड्ड्यात जाईल असे पाहावे. ‘आधी अंग धुवा, मग उतरा’ एवढे मोठ्या अक्षरांत लिहावे. स्त्रियांसाठी आडोशाचे स्वतंत्र कुंड आणि कपडे बदलण्याची खोली ही तर पहिली गरज आहे. पाण्याची तपासणी करून तिचा निष्कर्ष तारखेसह काठावर लावावा. ग्रामपंचायतीने दहा-वीस रुपये शुल्क घ्यावे आणि त्याचा हिशेब त्याच फलकावर मांडावा. पैसे कुंडावरच खर्च होताना दिसले तर लोक ते खुशीने देतील. जिथे देवस्थानाचा संबंध आहे तिथे त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय यातले काहीही करू नये. ठेकेदाराकडे कुंड सोपवून गावकऱ्यांनाच तिकीट लावण्याचा मार्ग तर मुळीच नको.

रत्नागिरी जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी यांपैकी एका तरी कुंडावर पुढच्या पावसाळ्याआधी हे काम करून दाखवावे. घाटावरून शनिवार-रविवारी उतरणारे आम्ही कोल्हापूरकर तिथले मोठे गिऱ्हाईक आहोत, त्यामुळे हा खर्च आमच्याकडून वसूल करण्यात त्यांनी संकोच करू नये. आपल्या रत्नागिरी आणि कोल्हापूर या दोन्ही आवृत्त्यांच्या वार्ताहरांनी या कुंडांची आजची स्थिती छायाचित्रांसह मांडली, तर त्या कामाला वेग येईल, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर