फुग्याला माप नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत श्वासाच्या व्यायामांवर मजकूर आला होता. स्नायूंच्या आजाराच्या मुलांनी रोज फुगे फुगवावेत, असं त्यात एका ओळीत उरकलं आहे. हे पत्र त्या एका ओळीसाठी.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहणारा, एसटीतून निवृत्त झालेला वाहक. माझा नातू 13 वर्षांचा. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे अंगातले स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार आहे. पाच वर्षांचा असताना जमिनीवरून उठायचा तो स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत. आम्ही हसायचो, "बुढ्यावानी काऊन उठतं रे?" अकराव्या वर्षी चालणं थांबलं. पाय डोळ्यांना दिसतात, म्हणून काळजी पायांची झाली. छातीचेही स्नायूच असतात, हे कोणाच्या मनात आलं नाही.

फुगे आम्ही करून चुकलो आहोत. फुगे झाले, त्याच्या आजीची चुलीची फुंकणी झाली, मग मेडिकलमधून तीन गोट्यांचा स्पायरोमीटर आणला, श्वास ओढून गोट्या वर चढवायच्या तो. "आबाजी, तिसरी गोटी हालली पाह्य!" म्हणून पोरगं ओरडायचं, शेजारचे टाळ्या वाजवायचे. आणि रात्री ताटावर बसलं की मान टाकायचं. घास चावायचं त्राण उरायचं नाही.

नागपूरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते सगळं बंद करायला लावलं. श्वास आत ओढणारे स्नायू वेगळे, बाहेर फुंकणारे वेगळे. फुग्याला किती जोर लागला ते कोणी मोजत नाही. गोटीही झटक्याने ओढली की उडते, छातीवर ओझं किती पडलं ते कळत नाही. त्यांनी दिलेल्या नळीत स्प्रिंगची झडप आहे. ठरवलेली ओढ लागल्याशिवाय ती उघडतच नाही. आधी नातवाची जास्तीत जास्त ओढ मोजली, ती भरली पाण्याचे 40 सेंटीमीटर. पाण्याचे म्हणजे? रसवंतीतल्या नळीने पाणी तेवढं उंच चढवायला लागेल तेवढी ओढ. नळी लावली 12 वर. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं, मधे विसावा, ताप-सर्दीत सुट्टी. दुसऱ्या दिवशीही थकवा राहिला तर आकडा खाली आणायचा, कारण झिजणारा स्नायू फार ताणला तर आणखी तुटायची भीती.

बाईंनी भूलथापा दिल्या नाहीत. यानं पोरगं चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं. 2019 मध्ये कोक्रेन या संस्थेने यावरचे अभ्यास एकत्र तपासले, तर सगळे मिळून 11 अभ्यास आणि 250 रुग्ण निघाले. श्वासाच्या स्नायूंना थोडी ताकद येऊ शकते, पण त्याने रोजचं जगणं सुधारतं असं अजून सिद्ध नाही. वाहक तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरतो तशी मी वही भरतो. सहा महिन्यांत 40 चे 44 झाले. हे चार नळीचे, की त्या दिवशी पोरगं खुशीत होतं त्याचे, देव जाणे.

खरा प्रसंग आला तेव्हा कामाला आला तो खोकला. गेल्या पावसाळ्यात साधी सर्दी झाली आणि छातीत कफ घुरघुरायला लागला, काढायला जोरच नाही. एका दवाखान्यात नाकाला ऑक्सिजन लावून ठेवला. कफ जिथल्या तिथे. नागपूरला शिकवलं की अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबून हवा भरायच्या पिशवीने, दोन-तीन श्वास एकावर एक आत भरायचे, आणि तो खोकला की त्याच वेळी मी पोटावरून वर दाब द्यायचा. पहिल्यांदा माझे हात थरथरले. आता जमतं.

खोकल्याचा जोरही मोजता येतो, दम्याच्या रुग्णाला देतात त्याच पीक फ्लो मीटरने. मिनिटाला 270 लिटरच्या खाली गेला की सर्दीत मदत लागणारच असं धरून चालायचं. नातवाचा 210 भरला. हा मीटर कपाशीच्या बियाण्याच्या एका पाकिटाच्या पैशात येतो. पण मोजून घ्यायला आम्ही यवतमाळहून पुन्हा दीडशे किलोमीटर जातो, कळंब-वर्धा करत. सवलतीचं तिकीट मिळतं. नोकरीत मी स्वतः अशी कितीक तिकिटं फाडली, तेव्हा चाकाची खुर्ची बसमध्ये चढवायला किती हात लागतात ते मोजलं नव्हतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, वजन-उंची घेतं. त्यांच्या पेटीत एक पीक फ्लो मीटर ठेवा आणि अशा मुलांचा खोकला सहा महिन्यांनी मोजा, एवढी माझी आरोग्य विभागाकडे मागणी आहे. आपल्याकडे मागणी त्याहून लहान. पुढच्या पुरवणीत फुग्यांची ती ओळ दुरुस्त करून छापावी. ती वाचून आमच्या शेजारीणबाईंनी मायेने फुग्यांचं पाकीट आणून दिलं आहे. नातवाने ते तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलाच्या शिंगांना बांधायला ठेवलंय. फुगवायचं काम माझ्याकडे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, जि. यवतमाळ