बातमी नाही, हे सांगायला फोन करणाऱ्या बाईंना

नमस्कार,

तुमच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची सोय आहे, आभार मानायची नाही. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. चांगुलपणाचाही कुणाला जाच होऊ शकतो.

नवरा आणि मुलगा आता माझ्याजवळ आहेत. आधी माझा नागरिकत्वाचा अर्ज रखडला, मग त्यावर अडलेला त्या दोघांचा माझ्याकडे राहायला येण्याचा. ती रडकथा इथे लावत नाही, भोगलेल्यांना ती पाठ आहे. पण वाट बघण्यात कागदही शिळे होतात, हे बाहेरच्यांना कळत नाही. पोलिसांचा दाखला मुदतीचा, वैद्यकीय तपासणी मुदतीची. निर्णय लांबला की एक बाद. तो पुन्हा काढेपर्यंत दुसरा बाद. आणि मुलं काही वाढायची थांबत नाहीत. वयाची अट ओलांडली की पोटचं पोरही 'अवलंबित' राहत नाही. काही देशांत अर्जाच्या दिवशीचं वय धरतात, काही ठिकाणी निर्णयाच्या. आमच्या बाबतीत कोणतं धरणार, हे कुणी ठामपणे सांगेना. पोर्टलवर एकच पालुपद: 'अर्ज प्रक्रियेत आहे.'

हेल्पलाइनवरचे एक गृहस्थ म्हणाले, "मलाही स्क्रीनवर तेवढंच दिसतं." दुसरे म्हणाले, "सोमवारी कळवतो." कुठल्या सोमवारी, ते सांगायचं राहिलं असावं.

तुम्हीही म्हणालात, "शुक्रवारी फोन करते." मी मनावर घेतलं नव्हतं. शुक्रवारी कार्यालय सुटायच्या वेळेला फोन वाजला. मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. "अजून काहीच झालेलं नाही. फाइल सुरक्षा पडताळणीत अडकली आहे, ते माझ्या हातात नाही. पण करते म्हटलं होतं, म्हणून केला." बस्स, एवढंच. मिनिटभराचंही बोलणं नसेल. पण आपली फाइल कुणीतरी उघडून बघितली, हे मला पहिल्यांदा कळलं. त्या रात्री मी नीट झोपले.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं दहावं कलम म्हणतं, आईबाप आणि मुलं एकत्र यावीत म्हणून केलेले अर्ज सकारात्मक वृत्तीने, माणुसकीने आणि लवकर हाताळावेत. कुटुंबं एकत्र आणण्याबाबतच्या युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात तर, अपवाद सोडले, तर निर्णयाला नऊ महिन्यांची मर्यादाच आहे. कायदे करणाऱ्यांना हे सगळं सुचलेलं असतं. टेबलापलीकडच्या माणसाला दिलेला शब्द पाळायचा, हे मात्र ज्याच्या-त्याच्या स्वभावावर सोडलेलं दिसतं. तो स्वभाव तुमच्याकडे आहे, आणि त्याचा पगार तुम्हाला मिळत नाही.

तुमच्या वरिष्ठांच्या वाचनात हे आलं तर त्यांना एक विनंती: पुढची खबर कधी मिळेल, तेवढी तारीख प्रत्येक अर्जदाराला द्या आणि ती पाळा. त्या दिवशी सांगण्यासारखं काही नसलं तरी चालेल.

मुलगा तुम्हाला भेटायला यायचं म्हणतो. मी त्याला थोपवलंय. म्हटलं, बाईंना काम करू दे, रांगेत अजून पुष्कळ आहेत.

तुमची ऋणी,
एक अर्जदार