काडतुसांची डबी डावीकडे ठेवणाऱ्या काकांस

सन्माननीय काका,

सादर नमस्कार.

तुमचे आभार तोंडी मानायला गेले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून चहाचा विषय काढता, त्यामुळे ते लिहूनच मानायचे असे ठरवले. हे पत्र मुद्दाम उघड ठेवले आहे, कारण न्यूझीलंडमध्ये स्थायिक होऊन शिकारीची चांगली रायफल घेऊ पाहणारी मराठी माणसे माझ्या ओळखीतच आता चार-पाच आहेत, आणि या बाबतीत घरच्या वडीलधाऱ्यांना विचारण्याची आपल्याला सोय नाही. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. इथली गोष्ट मात्र उलटी आहे. वटवाघळे सोडली तर या बेटांवर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता. हरणे एकोणिसाव्या शतकात विलायतेहून आणली गेली, आपल्या हिमालयातला ताहर 1904 मध्ये माउंट कुकच्या परिसरात सोडला गेला, आणि त्यांना खाणारे जनावरच नसल्यामुळे डोंगरावरची झाडी वाचवायची तर माणसालाच बंदूक उचलावी लागते.

मी ती उचलली, पण चुकीची. शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानात मी पाच हजार डॉलर घेऊन उभी होते आणि विक्रेता सगळा वेळ माझ्याबरोबर आलेल्या शेजाऱ्याशी बोलत होता. अक्रोडाच्या देखण्या दस्त्याची, मॅग्नम म्हणजे जास्त जोराच्या आणि जबर धक्क्याच्या काडतुसाची एक रायफल त्याने माझ्या हातात दिली आणि "ही आयुष्यभर पुरेल" असे शेजाऱ्याला सांगितले. माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि मी डावखुरी आहे, ह्या दोन गोष्टी त्याला दिसल्या नसतील असे मानायला मी तयार नाही. बोल्ट, म्हणजे पुढचे काडतूस भरायला मागेपुढे ओढायचा खटका, उजवीकडे असल्यामुळे दर बार झाल्यावर मला हात नळीवरून पलीकडे न्यावा लागे, गाल दस्त्यावरून उचलावा लागे आणि नेम पुन्हा पहिल्यापासून धरावा लागे. तक्रार केली तेव्हा "सवय होईल" असे उत्तर मिळाले. पुढे गोळ्या कधी वर, कधी डावीकडे जाऊ लागल्या, तेव्हा एका बंदूक-कारागिराने ती तीन आठवडे ठेवून घेतली, पैसे घेतले आणि रायफल उत्तम आहे, दोष माझ्यात आहे असा निर्वाळा दिला.

तो मी खराही मानला असता. पण त्याच हंगामात दीडशे मीटरवरच्या एका हरिणीला माझी गोळी पोटात लागली. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मी तिला शोधले. टसॉक गवतावर सांडलेल्या रक्ताखेरीज मला काही सापडले नाही. त्यानंतर चार महिने मी रायफलीची पेटी उघडली नव्हती.

नेमबाजी क्लबच्या रेंजवर एका रविवारी मी खरे तर ती विकण्यासाठी आले होते. तुम्ही मुलीकडे राहायला आलेले, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेले गृहस्थ आहात हे मला नंतर कळले. तेव्हा मला एवढेच दिसले की मी टेबलाशी बसले, आणि तुम्ही काही न बोलता माझ्या उजव्या हाताशी असलेली काडतुसांची डबी उचलून डावीकडे ठेवली, मग वाळूची पिशवी सरकवली आणि उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांसाठी कापलेले ते टेबल दुसऱ्या टोकाला धरून फिरवलेत. काका, लहानपणी आजीने जेवताना माझा डावा हात पदराने बांधून ठेवलेला मला आठवतो. माझ्या सोयीसाठी कोणी टेबल फिरवल्याचे मात्र मला आठवत नाही. पुढे तुम्ही मला जे शिकवलेत त्याचे मोल मोठे आहे, पण आजही डोळ्यांत पाणी येते ते त्या डबीच्या आठवणीने.

मग तुम्ही खिशातल्या बिलाची एक पट्टी फाडलीत आणि ती नळी व दस्ता यांच्या फटीतून सरकवायला माझ्याच हातात दिलीत. पट्टी चार बोटे गेली आणि अडकली. इथल्या पश्चिम किनाऱ्याच्या पावसात लाकूड फुगून नळीला टेकले होते; नळी तापली की तिथेच ढकलली जाई आणि गोळी भरकटे. तीन आठवड्यांत त्या कारागिराला जे सापडले नाही ते कागदाच्या चिठोऱ्याने तीन सेकंदांत दाखवले. मी निर्दोष सुटले असे वाटून खूश होत होते, तोवर तुम्ही माझ्या नकळत काडतुसांत एक डमी, म्हणजे दारू नसलेले काडतूस, मिसळलीत. चाप ओढला, बार झाला नाही, आणि नळीचे तोंड मात्र चांगले दोन इंच खाली गेले. धक्क्याच्या भीतीने मी आधीच अंग चोरत होते. तुम्ही फक्त "अगं, पाहिलंस ना?" एवढेच म्हणालात. दोष दोघींचा होता, रायफलीचा आणि माझा, आणि तो असा वाटून दिलात की मला तो उचलता आला.

मी तेव्हा दुप्पट किमतीची साको रायफल घेण्याच्या विचारात होते. तुम्ही ती वाईट म्हणाला नाहीत. साको आणि तिच्याहून स्वस्त टिक्का, दोन्ही रायफली फिनलंडमधल्या रीहिमाकीच्या एकाच कारखान्यातून येतात, जास्तीचे पैसे घडणीच्या नजाकतीला आणि दस्त्याला पडतात, तुझ्या खांद्याला त्याचा काय उपयोग, असे विचारलेत. डाव्या बोल्टची टिक्का टी3एक्स, लाकडाऐवजी कृत्रिम दस्ता, तोही माझ्या हाताच्या लांबीला कमी केलेला, निम्म्या धक्क्याचे 6.5 क्रीडमूर काडतूस, आणि उरलेले पैसे रायफलीवरच्या दुर्बिणीत व सरावात, असा तुमचा सल्ला होता. ग्रुपचे, म्हणजे कागदावर लागोपाठच्या गोळ्या किती जवळजवळ बसतात हे मोजत बसण्याचे, वेडही तुम्हीच उतरवलेत. शंभर मीटरवर तीन गोळ्या तीन सेंटिमीटरच्या आत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनात, बसतील अशी कंपनीची हमी असते. पण हरणाला गरम नळीतली तिसरी गोळी भेटत नाही, थंड नळीतली पहिली भेटते, म्हणून तीन वेगवेगळ्या सकाळी त्याच कागदावर एकेकच बार काढायला लावलात. तो कागद मी जपून ठेवला आहे. तिन्ही भोके जुन्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतात.

गेल्या एप्रिलमध्ये एकशे दहा मीटरवरून एकच गोळी झाडली आणि मादी उभ्या जागी बसली. तिच्याजवळ जाऊन मी बराच वेळ थांबले होते, आणि पहिल्या हरिणीचीही तेव्हा आठवण झाली.

मांडीच्या मांसाचे एक पाकीट फ्रीजरमध्ये तुमच्या नावाने आहे. काकूंना ते चालत नाही हे ठाऊक आहे, म्हणून परसातली लिंबे त्यांच्यासाठी वेगळ्या पिशवीत आणते आहे.

आपली,
टेबल क्रमांक चारवरची डावखुरी